गुरुजींची गाडी आणि १२९ नंबरची पावती

गाडी घेऊन अकरा दिवस झाले होते आणि त्यातले नऊ दिवस ती कोल्हापुरातल्या कावळा नाक्याच्या सिग्नलला बंद पडली होती. मागे केएमटीची बस हॉर्न मारतेय, समोर दिवा हिरवा झालाय आणि मी हेल्मेटच्या आत घामाघूम होऊन किक मारतोय. अकराव्या दिवशी शेजारच्या स्कूटरवरचं एक पोरगं म्हणालं, "काका, चोक ओढा की चोक!" इंजिन तापलेलं, अंगाची काहिली होतेय आणि हा चोक ओढायला सांगतोय. पण ओढला आणि गाडी पहिल्या किकला लागली. पोरगं तोवर निघून गेलं. निम्मं निदान ते जाता जाता सांगून गेलं होतं, मला ते कळायला आणखी तीन रविवार लागले.

मी शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. सतरा वर्षं झाली. फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग मशिनिंग होऊन माझ्या टेबलावर येतं, मी मापतो आणि पास किंवा रिजेक्ट करतो. मायक्रॉनच्या गप्पा मारून घर चालवणारा माणूस. पण मोटरसायकलचं म्हणाल तर ऑइल बदलण्यापलीकडे कधी हात लावलेला नव्हता. कंपनीची बस बंद झाली, घरातली स्कूटर बायकोला लागते, म्हणून राजारामपुरी ते शिरोली जाऊन-येऊन वीसेक किलोमीटरला एखादी जुनी गाडी बघत होतो.

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक मूळ विषय सोडून तिच्या ॲव्हरेजवर बोलायला लागतात. शंभर सीसी, जवळजवळ आडवं सिलिंडर, चार गिअर, २००३ चं मॉडेल. ओळखणारे ओळखतील. आपल्याकडे दर दोन घरांत एक होती, नाहीतर अजून आहे.

विकणारे गुरुजी कागलच्या बाजूचे, झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेले. गुडघे दुखायला लागले, मुलाने किक मारायला बंदी घातली म्हणून विकत होते. आमच्या भागात जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, "पुरातली नव्हं?" २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेने इतक्या गाड्या पोटात घेतल्या की धुऊन, पुसून, रंग मारून विकल्या जाणाऱ्या गाड्यांची भीती अजून गेलेली नाही. गुरुजी म्हणाले, "गाडी आणि मी, दोघंही माळावरचे. पाणी आम्हाला प्यायलाच पुरत नाही." सोळा हजार सांगितले, सोळा हजारच घेतले. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सुवाच्य अक्षरात सह्या केल्या आणि शेवटी एक जाडजूड प्लॅस्टिकची फाइल हातात दिली. गाडीच्या सगळ्या पावत्या. प्रत्येक पावतीच्या उजव्या कोपऱ्यात लाल शाईने नंबर. शेवटचा नंबर १४६.

मी ती फाइल घरी आणून कपाटात टाकली. ही माझी पहिली चूक.

तर गाडीचं दुखणं असं. सकाळी गार असताना चोकवर तीन-चार किकमध्ये सुरू व्हायची. चाळीसच्या वर गेली की विचारू नका, पंचगंगेच्या पुलावरून अशी सरळ, गुळगुळीत जायची की वाटायचं हिला काही झालेलंच नाही. पण वेग उतरला की हिचं मिसिंग सुरू. दुसऱ्या गिअरमध्ये रिक्षाच्या मागे हळू चालवायची म्हटलं की झटके. थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फाट-फाट आवाज. आणि सिग्नलला उभी केली की कधी इंजिन आपोआप पळायला लागायचं, कधी भुक-भुक करत खाली यायचं आणि गप्प.

गुरुजींच्या हातात ही बंद पडत नव्हती, कारण स्लोचा, म्हणजे उभ्या गाडीच्या इंजिनाचा वेग ठरवणारा, स्क्रू कोणीतरी भरपूर आत फिरवून ठेवला होता. उभ्या गाडीचं इंजिन इतकं वर फिरत होतं की पहिला गिअर टाकताना 'खाडकन' आवाज व्हायचा. मला तो आवाज सहन होईना, म्हणून घरी आणल्या दिवशीच मी स्लो कमी केला. तेव्हा तिचं खरं रूप दिसलं. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा हे जरूर करा: मालकाला विचारून स्लो खाली आणा आणि ती उभ्या उभ्या चालते का बघा. वाढवलेला स्लो म्हणजे ताप आलेल्या माणसाला गोळी देऊन मुलगी बघायला आणल्यासारखं.

पहिल्या गॅरेजवाल्याने प्लग बदलला, हवा-पेट्रोलच्या मिक्श्चरचा स्क्रू इकडे-तिकडे फिरवला, स्लो पुन्हा वाढवला. एकशे ऐंशी रुपये. दोन दिवस बरी चालली. दुसऱ्याने कानाने ऐकून, हात न लावता निकाल दिला, "कार्बोरेटर गेलाय, नवीन टाका." हात न लावता रिजेक्ट करणाऱ्याला आमच्या खात्यात जागा नसते. पैसे वाचवले आणि रविवारी स्वतःच बसायचं ठरवलं.

पहिला रविवार कार्बोरेटरचा, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाचा. गच्चीवर पोतं अंथरलं, सुटे भाग हरवू नयेत म्हणून घरातली जुनी परात घेतली. सोडण्याआधी कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल चहाच्या काचेच्या ग्लासात उतरवलं. ग्लास उजेडात धरला, तर तळाशी वेगळंच काहीतरी. पेट्रोल वर, आणि खाली मोहरीएवढे आठ-दहा पारदर्शक थेंब, ग्लास हलवला की एकमेकांना चिकटणारे, पुन्हा सुटणारे. पाणी.

गाडी गुरुजींकडे बरेच महिने नुसती उभी होती. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉलला पाणी ओढून घ्यायची सवय. थोडं असेल तोवर पोटात ठेवतं, जास्त झालं की तळाला सोडतं. गंमत अशी की त्यातलं बरंचसं इथेनॉल कुठून येतं? आपल्याच उसातून, आपल्याच कारखान्यांतून. म्हणजे कोल्हापूरचा ऊस कोल्हापूरच्याच गाडीच्या कार्बोरेटरमध्ये बसून मला छळत होता. उसाच्या बिलासाठी दरवर्षी भांडणारे माझे सासरे हे ऐकून फार वेळ हसले.

वाटी उघडली. तळाला पिवळट, गुळाच्या काकवीसारखा चिकट थर. स्लो जेट काढला. पितळेचा, शेंगदाण्याएवढाही नाही, त्यावर ३५ कोरलेलं. या जेटांवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. पस्तीस म्हणजे ०.३५ मिलिमीटर. उभ्या गाडीचं सगळं जेवण एवढ्याशा भोकातून जातं. ट्यूबलाइटकडे धरून एक डोळा मिटून बघितलं. अंधार. दुसऱ्या डोळ्याने बघितलं. अंधारच.

कंपनीत माझ्या ड्रॉवरमध्ये भोकं मापायच्या पिन गेजचा आख्खा सेट आहे. एक पिन खिशात टाकून आणायचा मोह झाला, पण कडक पिनेने पितळेचं भोक मोठं झालं तर जेट कायमचा गेला. त्यातून गेट पास कोण करणार? जेट क्लीनरमध्ये तासभर भिजवला आणि जुन्या वायरमधली तांब्याची एकच तार सोलून हळूच आरपार घातली. तांबं पितळेपेक्षा मऊ, ओरखडा पडत नाही. पुन्हा ट्यूबलाइटकडे धरला. आता मधोमध सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका, कडा गोल. इतका आनंद मला ऑडिट पास झाल्यावरही होत नाही.

सगळं बसवलं. कार्बोरेटर इंजिनला जोडतो तिथे खाचेत एक काळं रबराचं कडं असतं, ओ-रिंग. ते चपटं दिसलं. वाटलं असंच असतं, ठेवलं परत. ही दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी, पण तिच्याकडे नंतर येऊ.

गाडी सुधारली. रुपयातलं आठ-नऊ आणे दुखणं गेलं. झटके कमी झाले. पण तापली की सिग्नलला तेच.

मधल्या आठवड्यात किरकोळ शंका मिटवल्या. इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून बघितलं. वळवताना इंजिनचा वेग बदलला तर थ्रॉटलची केबल ताणलेली आहे असं समजायचं. बदलला नाही. एअर फिल्टर झटकून बघितला, ठीक होता. चोकची पट्टी पूर्ण परत जाते का बघितलं, जात होती.

दुसरा रविवार टॅपेटचा, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि ते दाबणारे रॉकर यांच्यातल्या अंतराचा. त्यासाठी उद्यमनगरातल्या एका मामांकडे गेलो. कामावरच्या एकाच्या ओळखीचे, साठी उलटलेली, पत्र्याच्या छोट्या शेडमध्ये एकटेच काम करतात. मी फीलर गेज, म्हणजे फट मापायच्या पातळ पट्ट्या, घेऊन गेलो होतो, ते बघून हसायला लागले.

"सायेब, ह्ये कशाला? माझी बोटं हाईत की."

"मामा, बोटाला पाच शतांश मिलिमीटर कळतं?"

"कळतंय की. तुमी लावा पट्टी, मी सांगतो आधी."

इंजिन रात्रभर गार झालेलं. टॅपेटची दोन्ही झाकणं काढली, मॅग्नेटोच्या झाकणातल्या खिडकीतून 'टी'ची खूण जुळवली. मामांनी रॉकर चिमटीत धरून हलवला. इनलेटचा म्हणाले, "ह्यो बराय." एक्झॉस्टचा धरून थांबले. "ह्यो मेलाय. हालतच न्हाई." मी ०.०५ ची पट्टी घालून बघितली. इनलेटला घासून गेली, एक्झॉस्टला शिरलीच नाही. मामा काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत बसले.

टॅपेट वाजायला लागले की गिऱ्हाईक तक्रार करतं. मग मेकॅनिक आवाज बंद करायला ते आवळतो. गार इंजिनात अंतरच उरलं नाही, तर तापून फुगल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, फटीतून दाब निसटतो, आणि बसायची जागा जळायला लागते ते वेगळंच. मामांनी दोन्ही ०.०५ ला लावले, माझ्या पट्टीवर, स्वतःच्या बोटांवर नाही, एवढी मेहेरबानी केली. आता टिक-टिक असा बारीक आवाज येतो. किक मारताना पायाला पूर्वीपेक्षा जास्त दाब लागतो. गाडी गार असताना दुसऱ्या किकला सुरू व्हायला लागली.

आणि सोमवारी कावळा नाक्याला बंद पडली.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी गुरुजींची फाइल काढली. खरं म्हणजे इन्शुरन्सचा कागद शोधायला काढली होती. बायको म्हणाली, "अहो, गाडी चालवायला घेतली होती की उघडायला?" मी काही उत्तर दिलं नाही, कारण तेवढ्यात पीयूसीचे कागद हाताला लागले होते. जुन्या गाडीची पीयूसी दर सहा महिन्यांनी. गुरुजींनी एकही टाकली नव्हती.

पीयूसीचा कागद आपण कशासाठी घेतो? पोलिसाने अडवलं तर दाखवायला. त्यावरचे आकडे मी आयुष्यात कधी वाचले नव्हते. पण पेट्रोल गाडीची पीयूसी ही गाडी उभी ठेवून, स्लोला चालवून करतात. म्हणजे माझी गाडी नेमकी जिथे आजारी होती, तिथलाच दर सहा महिन्यांचा रिपोर्ट माझ्या कपाटात पडून होता. दोन आकडे असतात: सीओ (कार्बन मोनॉक्साइड) टक्क्यांत आणि एचसी (हायड्रोकार्बन) पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग. मी ते एका कोऱ्या कागदावर उतरवून काढले, सवयीने तारखेच्या क्रमाने.

मार्च २०२२, सीओ १.९२, एचसी ७१०. सप्टेंबर २०२२, २.०४ आणि ६९०. मार्च २०२३, १.८८ आणि ७४०. सप्टेंबर २०२३, १.९७ आणि ७६५. मार्च २०२४, ०.३४ आणि २९८०.

पेन तिथेच थांबलं.

सप्टेंबर २०२४, ०.२९ आणि ३३१०. मार्च २०२५, ०.३१ आणि ३२४०.

आमच्या कामात असा तक्ता रोज भिंतीवर लागतो. माप हळूहळू सरकत गेलं तर टूल झिजतंय. माप एका दिवशी उडी मारून दुसरीकडे जाऊन बसलं, आणि तिथेच बसून राहिलं, तर काहीही झिजलेलं नसतं. कोणीतरी काहीतरी बदललेलं असतं. सेटिंग, फिक्स्चर, माणूस. आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो एकच: त्या दिवशी इथे काय झालं?

सप्टेंबर २०२३ आणि मार्च २०२४ यांच्या मध्ये काय झालं हे बघायला मला फक्त लाल नंबर उलटायचे होते. १२७ इन्शुरन्स. १२८ ऑइल. १२९, जानेवारी २०२४, एका गॅरेजचं हाताने लिहिलेलं बिल: कार्बोरेटर क्लीनिंग.

सांगायची गोष्ट अशी की सातही वेळा गाडी पास झाली होती. ३१ मार्च २००० नंतरच्या चार स्ट्रोक दुचाकीला सीओची मर्यादा ३.५ टक्के आणि एचसीची ४५०० पीपीएम. सगळे आकडे आत. सीओ तर आधीपेक्षा इतका कमी की कोणी म्हणेल गाडी सुधारली! पण दोन्ही आकडे एकत्र वाचले की चित्र उलटं दिसतं. सीओ जास्त म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. सीओ एकदम खाली म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त येतेय. आणि एचसी म्हणजे न जळता बाहेर पडलेलं पेट्रोल. मिश्रण फारच पातळ झालं की ठिणगी पडूनही ते दर वेळी पेटत नाही, एखादा घास तसाच्या तसा सायलेन्सरमध्ये जातो. तेच आपलं मिसिंग. थ्रॉटल सोडल्यावरचं फाट-फाट हे त्याच न जळलेल्या पेट्रोलचं सायलेन्सरमध्ये पेटणं. आणि चोक ओढला की हवा कमी होते, म्हणून गाडी सुरू होते. स्कूटरवरचं पोरगं आठवलं.

म्हणजे जानेवारी २०२४ ला कार्बोरेटर काढून परत बसवताना कुठून तरी चोरवाट पडली होती, आणि जिथून हवा शिरायला नको तिथून ती शिरत होती. मग वेगात का जाणवत नाही? कपभर चहात चमचाभर पाणी पडलं तर चहा बिघडतो, घागरीत पडलं तर कोणाला कळतही नाही. स्लोला इंजिन कपभरच हवा घेतं, आणि थ्रॉटल जवळजवळ बंद असल्यामुळे आतली ओढ सगळ्यात जास्त असते. चाळीसच्या वेगाला घागर भरून हवा जात असते.

झोप लागली नाही. अकरा वाजता खाली जाऊन गाडी सुरू केली. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारून गळती शोधतात हे ऐकून होतो, पण तापलेल्या सायलेन्सरजवळ पेटणारी वस्तू फवारायचं धाडस मला नाही. बायकोची इस्त्रीची पाण्याची बाटली घेतली. गाडी स्लोला ठेवून कार्बोरेटर आणि इंजिन जोडलेल्या सांध्यावर बारीक फवारा मारला. वरून मारला, काही नाही. डावीकडून मारला, काही नाही. उजवीकडून खालच्या अंगाने मारला आणि इंजिनचा सूर बदलला. अडखळलं, दोन ठोके खाल्ले, मग क्षणभर अगदी सरळ चाललं, आणि पाणी ओढून संपल्यावर पुन्हा भुक-भुक. मी पाच वेळा मारला. पाचही वेळा तेच. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकी उघडून "काय चाललंय रात्रीचं?" असं विचारलं तेव्हा थांबलो.

तिसरा रविवार. कार्बोरेटर पुन्हा काढला. त्याच्या तोंडाशी दोन कान असलेली फ्लँज असते, दोन कानांतून दोन बोल्ट, मध्ये गोल भोक, भोकाभोवती ओ-रिंगची खाच. मी स्टीलची पट्टी उभी धरून या कानापासून त्या कानापर्यंत टेकवली आणि खिडकीकडे बघितलं. दोन्ही कानांवर पट्टी टेकलेली, आणि मधोमध, भोकाच्या दोन्ही बाजूंना, उजेडाची एक लांबट फट. फीलरची ०.१५ ची पट्टी आरामात गेली. ०.२० ची अडली.

पंधरा शतांश. माझ्या टेबलावर फ्लँजच्या तोंडाला पाच शतांशाच्या वर वाकडेपणा दिसला की मी लाल टॅग लावतो, सुपरवायझर कितीही ओरडला तरी. आणि दोन रविवारांपूर्वी हीच फ्लँज माझ्या हातात अर्धा तास होती. मी जेटच्या भोकात डोळा घालून बसलो होतो.

हे कसं झालं असेल ते सरळ आहे. ओ-रिंग म्हातारी होऊन चपटी, कडक झालेली. ती दाबली जाईना म्हणून, किंवा नुसत्या सवयीने, कोणीतरी लांब पान्याने बोल्ट आवळले. ते सहा मिलिमीटरचे बोल्ट, त्यांना दहाएक न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे छोटा पाना आणि मनगट, दंड नाही. कार्बोरेटरचं अंग मऊ धातूचं. कान पुढे ओढले गेले, मधला भाग मागे राहिला, आणि ओ-रिंगला टेकायला समोर काही उरलं नाही. जितकं आवळाल तितकी फट वाढते. ज्याने केलं त्याने काळजीपोटीच केलं असणार. "घट्ट बसवलंय बघा" असंही म्हणाला असेल.

काचेच्या दुकानातून पाच मिलिमीटर जाडीचा काचेचा तुकडा आणला, कडा घासून घेतल्या. काच ही गरिबाची सरफेस प्लेट, म्हणजे सपाटपणा तपासायचा पाट. तिच्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्याने चिकटवला. फ्लँजच्या तोंडावर काळ्या मार्करने आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि आठच्या आकड्यात घासायला लागलो, जोर न लावता, नुसतं वजन ठेवून. दहा फेऱ्यांनी उचलून बघितलं. दोन्ही कानांच्या टोकांवरचा काळा गेलेला, बाकी सगळा जसाच्या तसा. आणखी दहा. चकाकी कानांवरून आतल्या बाजूला सरकायला लागली. धातूची करडी साय पाण्यावर तरंगत होती, ती मधून मधून धुऊन टाकायची. पाऊण तासाने खाचेभोवतीच्या कड्यावर मार्करचा एकच चंद्रकोरीएवढा डाग उरला, आणि तो जाईपर्यंत माझा चहा दोनदा गार झाला. शेवटी पट्टी टेकवली, उजेड दिसला नाही, फीलरची सगळ्यात पातळ पट्टी घातली, शिरली नाही. मग सगळी भोकं उलट-सुलट हवेने फुंकून काढली, कारण घासलेल्या धातूचा एक कण जेटमध्ये गेला की पहिला रविवार परत.

नवी ओ-रिंग पंधरा रुपयांना मिळाली. जुनी आणि नवी शेजारी ठेवली. नवी गोल, जुनी चौकोनी. चौकोनी रबरी कडं बघून 'असंच असतं' म्हणणारा मी क्वालिटीत सतरा वर्षं आहे.

बसवताना दोन्ही बोल्ट पाळीपाळीने, छोट्या पान्याने. मग गाडी शिरोलीच्या पुलापर्यंत फिरवून आणली, पुरती तापू दिली आणि आता कुठे मिक्श्चरच्या स्क्रूला हात लावला. सगळे मेकॅनिक सुरुवात या स्क्रूपासून करतात, तो शेवटी फिरवायचा असतो. हा स्क्रू कार्बोरेटरच्या इंजिनकडच्या अंगाला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की मिश्रण घट्ट होतं. फिल्टरकडच्या अंगाला असेल तर हवेचा, तिथे उलटं. माझा स्क्रू मूळ जागेपासून इतका लांब गेला होता की प्रत्येकाने थोडा थोडा फिरवत गाडीची उपासमार भागवायचा प्रयत्न केलेला दिसत होता. पाव-पाव फेरा फिरवत गेलो, इंजिन सगळ्यात मोकळं जिथे चाललं तिथे सोडला, मग स्लो खाली आणला, मग पुन्हा पाव फेरा.

वेग किती? या गाडीला इंजिनाचे फेरे दाखवणारा टॅकोमीटर नाही. हिचा स्लो मिनिटाला चौदाशे फेऱ्यांच्या आसपास हवा. चार स्ट्रोकला दोन फेऱ्यांत एक स्फोट, म्हणजे मिनिटाला सातशे, सेकंदाला साधारण बारा ठोके. मोबाइलवर आवाजाची वारंवारता दाखवणारं ॲप घेऊन सायलेन्सरपाशी बसलो, बाराच्या किंचित खाली टोक आलं तेव्हा उठलो. मामांना ही गोष्ट सांगितली तर म्हणाले, "मोबाइलला इचारलासा? मला इचारायचं, मी बी येवडाच सांगितला असता." सांगितलाही असता.

सोमवारी कामावर जाता जाता पीयूसी केंद्रावर थांबलो. मुदत बाकी असताना आलेला मी बहुधा पहिलाच. त्या मुलाने नळी घातली, फोटो काढला. मी म्हटलं, कागद राहू दे, आधी आकडे सांग. त्याने स्क्रीनकडे बघून सांगितले. सीओ १.७६. एचसी ६४०. "पास आहे की काका," तो म्हणाला. मी म्हटलं, आधीही पासच होती.

संध्याकाळी गुरुजींना फोन केला. सगळं सविस्तर सांगितलं, सात तारखा, सात आकडे, १२९ नंबर. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे मी नंबर घातले, वाचले मात्र नाहीत." मग लगेच विचारलं, "तुम्ही पुढं नंबर घालताय ना?"

घालतोय. पीयूसी १४७. मामांनी टॅपेटची पावती दिली नव्हती, ती मी स्वतः लिहून १४८. ओ-रिंगच्या पंधरा रुपयांचं बिल मागितल्यावर दुकानदार माझ्या तोंडाकडे बघत राहिला, तेव्हा तेही मीच लिहिलं, १४९, लाल शाईने.

कावळा नाक्याला आता गाडी उभी राहते. स्लो इतका खाली आणि शांत आहे की इंजिनातले बाकीचे आवाज ऐकू यायला लागलेत. डाव्या बाजूला, मॅग्नेटोच्या वरच्या अंगाला, बारीक खर-खर आहे. मामा म्हणतात टायमिंग चेन. १५० नंबर रिकामा ठेवलाय.